दोनदा चुकलेली सुई

"घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं वाटेल," मी म्हटलं.

"मुंगी चावली तरी मी रडतो," तो म्हणाला. डोळे पिवळेधमक, आणि तरी हसत होता! रक्त द्यायला लॅबमध्ये असं कुणी येतं का?

जर्मन कागदपत्रांचं भाषांतर करायचा. सुईकडे बघायला नको म्हणून बडबडत राहिला. "काविळीला जर्मनमध्ये गेल्बझुख्ट म्हणतात. गेल्ब म्हणजे पिवळा. झुख्ट म्हणजे हल्ली व्यसन, पण मुळात... आजार."

"झालं," मी म्हटलं. त्याला कळलंसुद्धा नव्हतं. पहिल्या टोचण्यात शीर सापडली नाही, असं तोवर माझ्या हातून कधी झालंच नव्हतं.

तो दर सोमवारी यायचा. मी सोमवारची वाट बघायचे, कबूल करते.

चौथ्या सोमवारी सोबत ती आली. त्याच्या ऑफिसातली. त्याचा दुसरा हात धरून बसली. "याला सुईची फार भीती वाटते हो."

जशी काही मला माहीतच नव्हती! अंगाचा नुसता तिळपापड झाला. शीर चुकली. पुन्हा टोचलं — पुन्हा चुकली.

"नवीन आहात का?" तिनं गोड आवाजात विचारलं.

तिसऱ्यांदा कसंबसं जमलं. रिपोर्ट नॉर्मल आला. तो बरा झाला आणि मला रडू येत होतं. आता कशाला येईल तो इकडे?

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट न्यायला एकटाच आला.

"आता यायची गरज नाही," मी मान खाली घालून म्हटलं. "त्यांनाही सांगा... काळजी मिटली."

त्यानं कागद उघडलाच नाही. "एक शब्द राहिला. आयफरझुख्ट. आयफर म्हणजे तळमळ. पुढे तोच झुख्ट, आजार. दोन्ही मिळून — मत्सर."

"मग मी काय करू?"

"तुमची सुई दोनदा चुकली."

माझे कान तापले. "कोण आहे ती?" तोंडातून निघूनच गेलं.

"मैत्रीण. लग्नाचं विचारत होती. काल नाही म्हणालो."

"का?"

"तुम्ही इथल्या त्या दाढीवाल्या डॉक्टरांशी हसत बोलता ना... तेव्हा मलाही तोच आजार होतो."

मी सुयांचा ट्रे पुढे ओढला. "हात पुढे करा," मी म्हटलं.

"पुन्हा टोचणार?" त्यानं बाही सारली, डोळे घट्ट मिटले.

सुई ट्रेमध्येच राहिली. माझ्यामुळे काळानिळा झालेला तो हात मी दोन्ही हातांत धरला.