भातासोबतचं केळं

पर्समध्ये केळं टाकताना मी पकडली गेले. तेही शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिसाहून परतताना, अंगावर चांगला ड्रेस असताना!

दोहाच्या मुऐदर भागातलं ते सोमाली हॉटेल मला ठाऊकसुद्धा नव्हतं. टॅक्सी मिळेना, ऊन डोकं भाजत होतं, म्हणून आत शिरले. भात आला, मटण आलं आणि ताटाच्या कडेला एक अख्खं केळं. आम्ही वसईची माणसं, केळ्यातलं आम्हाला कुणी शिकवायचं? जेवण झाल्यावर रूमवर जाऊन खाऊ म्हटलं.

"मॅडम, ते भाताबरोबर खायचं असतं," काउंटरवरचा उंच मुलगा म्हणाला. त्याचं हिंदी सगळं सिनेमातलं, त्यामुळे साधं वाक्यही हीरोच्या थाटात यायचं.

"भाताबरोबर केळं? आमच्याकडे असं कुणी खाल्लं तर आई डॉक्टरकडे नेईल."

"आणि आमच्याकडे कुणी बाजूला ठेवलं तर मावशी नेईल."

तो हसला... आणि खरं सांगते, भात गार होईपर्यंत मी बघतच बसले.

त्याचं नाव लिबान. रुकैयामावशी आत रांधायची, हा बाहेरचं बघायचा. मला दोहात माझं असं कुणी नव्हतं. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर दिवसभर हसून बोलायचं आणि रूमवर आलं की भिंतीशी बोलायचं. मग काय, दर शुक्रवारी पावलं आपोआप तिकडे वळायला लागली. केळं मात्र मी हट्टाने पर्समध्येच टाकायचे. "आली चोर," तो म्हणायचा, आणि तेवढं ऐकायला मी आठवडाभर थांबायचे.

हळूहळू कळत गेलं. लढाईत मावशीचं मोगादिशूतलं दुकान गेलं, बहीण गेली. बहिणीचं तान्हं पोर पाठीशी बांधून ती केनियातल्या छावणीत आली, तंबूबाहेर चहा विकला. पुढे नैरोबीत खानावळ काढली, ती जळाली. मग दोहा. ते तान्हं पोर म्हणजे लिबान. एवढं सोसून मावशी कधी रडत नाही का, असं मी विचारलं. रडते की, तो म्हणाला, कांदे चिरताना. म्हणून कांदे कुणाला चिरू देत नाही.

आणि मग इमारत पाडायची ठरली. हॉटेल बंद. मावशीची मैत्रीण सुरय्या ओमानमध्ये सलालाहला होती, तिथे पुन्हा चूल मांडायचं नक्की झालं. लिबान जाणार हे मला दिसत होतं, तरी विचारलंच — इथे दुसरी नोकरी नाही का मिळणार?

"मिळेल," तो म्हणाला. "पण तिनं मला पाठीवर घेऊन एवढं अंतर काढलंय. आता तिला एकटीला कसं जाऊ देऊ?"

मला राग आला, खूप आला. पण तो काढावा तरी कुणावर?

शेवटच्या शुक्रवारी भिंती रिकाम्या होत्या, एकच टेबल उरलं होतं. मावशीनं स्वतः वाढलं. मी केळं सोललं, भातात कुस्करलं आणि मटणाबरोबर घास घेतला. चांगलं लागलं हो! इतके दिवस उगाच अडून बसले होते.

"आता?" लिबान म्हणाला. "निघायच्या दिवशी शिकलीस?"

"शिकले. आणि... तू मला आवडतोस. आज नाही बोलले तर राहूनच जाईल."

हीरोनं फडकं उचललं. पुसलेलंच टेबल तो पुन्हा पुसायला लागला.

"मलाही," शेवटी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण तुझी आई, तुमचं चर्च..."

"आईला मी बघते. तू आधी परत तर ये."

मी पिशवी पुढे केली. आईनं वसईहून पाठवलेली सुकेळी होती, उन्हात वाळवून पानात बांधलेली केळी. त्यानं वास घेतला.

"किती टिकतात?"

"नीट ठेवलीस तर बरेच महिने."

"संपायच्या आत येतो, इन्शाल्ला."

"मग एकदम खाऊ नकोस," मी म्हटलं. मावशीला आमचं बोलणं कळत नव्हतं. तिनं फक्त माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी रूमवर पर्स उघडली तर आत केळं! मावशीनं कधी टाकलं, देव जाणे.

मी एकटीपुरता भात लावला. केळं ताटात ठेवलं, पर्समध्ये नाही. केळं-भाताला कांदा लागत नाही, हे आता मला माहीत होतं. तरी मी दोन कांदे काढले आणि चिरायला बसले.