डाव्या हाताची सून

ती शाल थेक्लाचीच होती! करड्या लोकरीची, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने रफू केलेली... दारात उभ्या राहिलेल्या लाम्पेच्या हातातून ऑस्वाल्डने ती जवळजवळ हिसकावूनच घेतली.

“ही तुमच्याकडे कशी आली?”

लाम्पे हा वाल्टाऊच्या राजवाड्याचा जुना कारभारी. उभा जन्म त्याने कुणापुढे किती वाकायचं, याच हिशेबात घालवला होता. ऑस्वाल्डपुढे तो नेहमीच थोडं कमी वाकत असे. “काल बाईसाहेब थोरल्या राणीसाहेबांच्या खोलीत विसरून आल्या, धाकटे महाराज. म्हटलं, इकडे यायचंच आहे तर...” बोलता बोलता त्याची नजर ऑस्वाल्डच्या चेहऱ्यावर गेली आणि त्याने जीभ चावली.

“काल?”

“म्हणजे... त्या रोजच येतात. मला वाटलं, आपल्याला ठाऊक असेल!”

आत स्वयंपाकघरात पावाच्या पिठाचा गोळा मळणारे हात थांबले. ऑस्वाल्डला ते न वळताही कळलं. अकरा वर्षं ज्या उंबऱ्यावर त्याने पाऊल ठेवलं नव्हतं, ज्या घराचं नावसुद्धा या वनरक्षकाच्या जुन्या घरात निघत नव्हतं, त्या घरात त्याची स्वतःची बायको त्याच्या पाठीमागे रोज जात होती!

“निरोप काय आहे तो सांगा आणि चालते व्हा.”

“डॉक्टरांनी आशा सोडली आहे, महाराज. आज दुपारी आपल्या आईसाहेब निरोपाचा हात देणार. मोठ्या महाराजांनी आपल्याला बोलावलंय.” लाम्पे क्षणभर घुटमळला. “एकट्यांना.”

वाल्टाऊच्या घराण्यात मरणाऱ्या वडीलधाऱ्याने आपला उजवा हात पुढे करायचा आणि घरच्या प्रत्येकाने तो ओठांना लावायचा, ही शेकडो वर्षांची रीत. ज्याला तो हात मिळाला तो घरचा. ज्याला नाही मिळाला तो... कुणीच नाही!

दार धाडकन लागलं. ऑस्वाल्ड शाल मुठीत आवळून स्वयंपाकघरात आला.

“किती दिवस?”

थेक्लाने हाताचं पीठ झटकलं. “त्या आजारी पडल्या तेव्हापासून.”

“आणि मी रानात रोपं लावत होतो! घरी आलो की विचारायचो, दिवस कसा गेला? तू म्हणायचीस, रोजचाच!”

“खोटं नव्हतं ते. रोजचाच झाला होता.”

“थेक्ला!”

“ओरडू नका. सांगितलं असतं, तर जाऊ दिलं असतंत?”

“पाय तोडले असते!”

“म्हणूनच नाही सांगितलं,” ती शांतपणे म्हणाली, आणि तिचं ते शांत असणंच त्याच्या काळजात सुरीसारखं शिरलं.

कुणासाठी त्याने हा राग एवढा जपला होता? हिच्यासाठीच ना! थेक्ला घंटा ओतणाऱ्याची मुलगी. राजवाड्याच्या चर्चमधली मोठी घंटा तिच्याच वडिलांनी ओतलेली. ती बसवताना दोरखंड धरून उभी असलेली, काजळीने नाक माखलेली ही मुलगी पाहिली आणि ऑस्वाल्डचं हृदय त्याच्या हातात राहिलं नाही. आई म्हणाली, “लग्न कर, हवं तर. पण डाव्या हाताने!” राजपुत्राने आपल्या बरोबरीच्या मुलीचा हात उजव्या हातात घ्यायचा, खालच्या घरातलीचा डाव्या. देवापुढे दोन्ही लग्नं खरी, पण डाव्या हाताच्या बायकोला ना मान, ना पदवी, आणि तिच्या मुलांना ना गादी, ना घराण्याचं नाव! ऑस्वाल्डने गादीवरचा स्वतःचा हक्कही सोडला, हसत हसत सोडला. वाटलं, प्रेमापुढे गादीची काय किंमत!

पुढे राज्याशी त्याचा संबंध एवढाच उरला, की जनावरांच्या प्रदर्शनात पहिल्या आलेल्या गाईच्या शिंगांना फीत बांधायला त्याला बोलावत. बाजारातली टवाळ माणसं त्याला ‘गाईंचा राजा’ म्हणत. तेही त्याने हसून सोसलं. दर नाताळात आई थेक्लापुढे डावा हात करायची, हातमोजासुद्धा न काढता, आणि थेक्ला वाकून तो ओठांना लावायची. ते मात्र त्याला हसून सोसवत नसे...

आणि मग वेंडेल गेला!

दोन वर्षांचं लेकरू. डांग्या खोकल्याने निळंजांभळं होऊन बापाच्या मांडीवर गेलं. लाकडी चमचा घेऊन प्रत्येक भांडं वाजवून बघायचं, आणि एखादं छान वाजलं की आजोबांसारखी मान डोलवायचं! ऑस्वाल्ड आईच्या पायाशी बसला. म्हणाला, त्याला चर्चखालच्या आपल्या दफनाच्या तळघरात ठेवू, आपल्या माणसांजवळ. आई म्हणाली, “तिथे उजव्या हाताची माणसं आहेत. नियम सगळ्यांना सारखा.” राजवाड्याच्या भिंतीलगत, माळ्याच्या खोपीमागे त्या चिमुकल्या पेटीला जागा मिळाली. घंटा वाजली नाही. आजोबांनी स्वतः ओतलेली घंटा नातवासाठी मुकी राहिली! म्हातारा दोरखंडाखाली उभा राहून वर बघत होता... पुढचा वसंत त्याने पाहिला नाही.

“विसरलीस?” ऑस्वाल्डचा आवाज फुटला. “सगळं विसरलीस तू?”

“विसरले?” आता मात्र थेक्लाने मान वर केली, आणि तिचे डोळे पाहून तो एक पाऊल मागे सरला. “राग काय एकट्या तुम्हालाच आला होता? तुम्ही वाड्याकडे पाठ फिरवलीत आणि मोकळे झालात. पण माझं मूल त्या भिंतीच्या आत आहे! अकरा वर्षं मी त्याच्याकडे चोरासारखी जाते, वर्षातून एकदा, मृतांच्या दिवशी दरवाजा सगळ्या गावाला उघडतो तेव्हा! गावच्या बायांच्या घोळक्यात, डोक्यावरून रुमाल ओढून! तुम्ही आलात एकदा तरी? तुमची शपथ मोडली असती ना! माझ्या मुलाच्या जागी तुम्ही तुमचा राग वाढवलात, अहो! त्याला खाऊ घातलंत, त्याला मोठं केलंत... आता तो तुमच्या खांद्याला लागला आहे!”

ऑस्वाल्डने मुठीतली शाल टेबलावर ठेवली.

“दरवर्षी मी जायची,” ती आता थांबायला तयार नव्हती, “तर तिथे आधीच एक दिवा लावलेला असायचा. लाल काचेचा. मला वाटायचं, माळी चांगला माणूस आहे. या वर्षी अंधार पडायच्या आत गेले. दिवा होता... आणि दिव्याशेजारी सासूबाई पडलेल्या होत्या. वेंडेलवर, अहो! आडव्या. एक अंग लुळं, तोंड वाकडं, आणि डाव्या मुठीत काडेपेटी.”

चुलीवर सूप उतू गेलं. दोघांपैकी कुणीही ते उतरवलं नाही.

“त्यांना बोलता येईना. नुसतं माझ्याकडे बघत होत्या. सांगू नकोस... कुणाला सांगू नकोस... एवढंच डोळ्यांत. मी त्यांना ओढत चर्चच्या वाटेवर नेलं, आणि मग आरडाओरडा केला. सगळ्यांना वाटलं, प्रार्थनेला जाताना घसरल्या.”

“आणि मग तू त्यांच्या सेवेला लागलीस,” ऑस्वाल्ड कडवटपणे म्हणाला.

“पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सुपाची वाटी माझ्या अंगावर उडवली. मी म्हटलं, ‘उडवा, आईसाहेब, भांड्यात अजून आहे!’ तिसऱ्या दिवशी प्यायल्या.”

एखाद्याचा राग इथे विरघळला असता. ऑस्वाल्डचा भडकला!

“म्हणजे तिला कळत होतं!” त्याने मूठ टेबलावर आपटली. “मी तिला दगड समजत होतो, थेक्ला! दगडाला कळत नाही, म्हणून दगडाला एक वेळ क्षमा करता येते. पण तिला कळत होतं! काळीज होतं तिला! लपून दिवा लावता येत होता, मग उघड्यावर माझ्या लेकराला जवळ घेता येत नव्हतं? दिवा लावते, आणि सांगू नकोस म्हणते! मरतानासुद्धा लाज कुणाची, तर त्याची!” त्याने खुंटीवरचा कोट ओढला. “चल. आत्ता. तूही चल.”

“मरणाऱ्या माणसाशी भांडायला?”

“हो, भांडायला! जिवंत असताना तिने कधी वेळच दिला नाही!”

राजवाड्याचा पुढचा जिना रुंद, पांढऱ्या दगडाचा. थेक्ला सवयीने मागच्या बाजूला वळली, तेव्हा ऑस्वाल्डने तिचा हात धरला, उजव्या हाताने, आणि तिला पुढच्या जिन्याने वर नेलं. वर लाम्पे दोन्ही हात पसरून उभा राहिला. “महाराज, बाईसाहेबांना मागचा...”

“लाम्पे, बाजूला हो. नाहीतर हा जिना तू आज पाठीवरून उतरशील!”

खोलीत कापराचा वास भरला होता. उशांच्या ढिगाऱ्यात आई एवढीशी दिसत होती. तिच्या उजवीकडे, लाल मखमलीच्या उशीवर, तिचा लुळा उजवा हात मांडून ठेवला होता. हो, मांडूनच! तो हलत नव्हता, म्हणून त्याला उशी दिली होती. अंगठी नीट सरळ केली होती. रीत मोडायला नको! डावा हात चादरीवर नुसताच पडला होता, बोटं अस्वस्थपणे हलत होती.

थोरला भाऊ एगॉन, वाल्टाऊचा राजा, उशाशी उभा होता. तो या काही वर्षांत फार म्हातारा झाला होता. “आलास,” तो म्हणाला. मग त्याची नजर मागे गेली. “हिला कशाला आणलंस? निरोपाचा हात आहे हा, ऑस्वाल्ड. घरच्यांसाठी.”

“आणि रोज इथे येऊन हिने काय केलं, दादा? बेडपॅन कुणी उचललं? तेव्हा ती घरची होती, की दारची?”

“आवाज खाली कर. तू स्वतः मान्य केलं होतंस सगळं. सही कुणी केली? मी?”

“मी केली! कारण मला वाटलं, मी माझा मान सोडतोय. माझ्या मुलाची घंटा सोडतोय, हे मला कुणी सांगितलं होतं? तू तिथे उभा होतास, दादा. तू राजा होतास! एक बोट उचललं असतंस तर घंटा वाजली असती. का नाही उचललंस?”

एगॉन अडखळला. “आईने... आई म्हणाली, एकदा वाकवला की नियम राहत नाही.”

“मग विचार तिला! विचार, दरवर्षी मृतांच्या दिवशी भिंतीलगत दिवा कुणासाठी नेत होती! कुठे पडली होती, विचार!”

“अहो, नको...” थेक्ला कळवळली. पण बाण सुटला होता.

एगॉन पांढरा पडला. त्याने आईकडे पाहिलं. म्हातारीने डोळे मिटून घेतले होते, आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. अर्ध्याच चेहऱ्याला रडता येत होतं... उरलेला अर्धा राणीसारखाच ताठ!

ऑस्वाल्ड पलंगाजवळ गेला. मखमलीवरच्या त्या हाताकडे पाहिलं, पण वाकला नाही.

“हा हात मला नको, आई,” तो म्हणाला. प्रत्येक शब्द दाताखाली चिरडून बाहेर येत होता. “एकट्याला मिळणारा हात घेऊन मी काय करू? याच हाताने तू माझ्या वेंडेलला दार दाखवलंस. दे तो ज्यांना हवा त्यांना. आम्ही दोघं चाललो. मुलाचा दिवा यापुढे आम्ही लावू. उजेडात लावू!”

तो वळला. दोन पावलं गेला असेल... आणि मागे लाम्पेने “राणीसाहेब!” असा दबका चीत्कार काढला.

म्हातारीने डोळे उघडले होते. चादरीवरचा तिचा डावा हात उठला, हवेत चाचपडला आणि स्वतःच्या उजव्या मनगटावर येऊन पडला. तिने ते मनगट धरलं. मेलेला पक्षी उचलावा तसा तिने तो लुळा हात मखमलीवरून उचलला. अंगठी घसरून जमिनीवर पडली, घरंगळत पलंगाखाली गेली. लाम्पे मदतीला धावला. तिच्या घशातून असा काही आवाज निघाला, की तो होता तिथेच थिजला. श्वास लागला होता, कपाळावर घाम फुटला होता, तरी आपल्याच हाताने आपलाच हात ओढत, रेटत ती तो पलंगाच्या कडेपर्यंत घेऊन आली. ऑस्वाल्डकडे नाही. एगॉनकडे नाही. दाराकडे!

जिथे डोक्यावरचा रुमाल मुठीत चुरगाळत थेक्ला उभी होती.

कुणी हललं नाही. तो हात तसाच धरलेला... थरथरत... आता पडेल, आता पडेल असं वाटत असतानाच थेक्ला धावली. गुडघे टेकून तिने तो झेलला. खोलीतले सगळे तिच्या ओठांकडे बघत राहिले. पण तिने तो ओठांना लावलाच नाही. रोजच्यासारखं आपल्या दोन्ही तळहातांत घेतला आणि चोळायला लागली.

“किती गार पडलाय हो आईसाहेब,” ती पुटपुटली. “सकाळपासून कुणी चोळलासुद्धा नाही का? नुसता मांडून ठेवला...”

म्हातारीचा डावा हात हळूहळू तिच्या केसांवर येऊन स्थिरावला.

ऑस्वाल्ड दारात उभा होता. त्याचा राग गेला नव्हता. तो जाणारही नव्हता, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. भिंतीलगतच्या त्या एवढ्याशा मातीखाली जे होतं ते कुणाच्याही हाताने परत येणार नव्हतं. पण इतकी वर्षं हा राग आपण जिच्यासाठी वाहतो आहोत असं तो स्वतःला सांगत आला होता, ती समोर गुडघ्यांवर बसून त्या थिजलेल्या बोटांत एकेक करून ऊब भरत होती, आणि तिला त्या रागाची मुळीच गरज नव्हती!

शेवटी एगॉन म्हणाला, “लाम्पे, खुर्ची आण.”

“कुणासाठी, महाराज?”

“माझ्या भावजयीसाठी.”

लाम्पेने खुर्ची आणली आणि सवयीने पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवली. ऑस्वाल्ड पुढे झाला, त्याने खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घालून उजव्या बाजूला ठेवली. मग आईच्या पायाशी, जिथे वेंडेलसाठी हात पसरून बसला होता, त्याच जागी तो पुन्हा बसला, आणि त्या थंड पावलांवर डोकं टेकून मोठ्याने, संतापाने, लहान मुलासारखा रडला.