खरवडलेला शब्द

नापोलीच्या मठात ज्यू दुभाषी शेमार्या एक अरबी ग्रंथ वाचून बोलीभाषेत सांगायचा आणि तिथला साधू फ्रा तेओबाल्दो ते लॅटिनमध्ये उतरवायचा. तेओबाल्दोला अरबीचं अक्षर कळत नसे, शेमार्याला लॅटिनचं. ग्रंथ इजिप्तमधल्या एका ज्यू पंडिताचा. देव काय आहे हे माणसाला सांगता येणार नाही, काय नाही तेवढंच सांगावं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे पानोपानी 'नाही'.

"अरे, तुझ्या देवाकडे काही आहे तरी का?" तेओबाल्दो चिडवायचा.

"तू मुकाट्यानं लिही," शेमार्या अंजीर सोलत म्हणायचा. मठाच्या रश्श्याला तो शिवत नसे.

मठाधिपतींना मात्र ते खपेना. "हे नकार खरवडून काढा. नाहीतर या ज्यूनं नापोली सोडावी."

"सोडतो!" शेमार्या संतापून म्हणाला. "पण एकही 'नाही' निघणार नाही."

आपली दुपारची प्रार्थना आटोपून शेमार्या परतला, तेव्हा तेओबाल्दो चाकू पुसत होता. टेबलभर चर्मपत्राचा भुगा पडला होता.

"तू जाऊ नयेस म्हणून रे," तेओबाल्दो मान खाली घालून म्हणाला. "तीनच 'नाही' काढले. आता उरलं ते एवढंच. देवाला हात आहेत. देवाला डोळे आहेत. देवाला मुख आहे."

कोपऱ्यातलं रिकामं बाक करकरलं.

भर उन्हाळ्यात खोली गार पडली. शेमार्याच्या मानेवर कुणाची तरी नजर टेकली. टेबलावरच्या भुग्यात एक रुंद पंजा उमटला आणि सावकाश पुढे सरकला.

"आला," तेओबाल्दोचे डोळे भरून आले. "जन्मभर बोलावलं, आज आला!"

"ज्याला बसायला बाक लागतं, तो देव नव्हे!" शेमार्यानं लेखणी हिसकावली. लॅटिन येत नसलं तरी तो एक शब्द लिहिला जाताना त्यानं इतक्यांदा पाहिला होता, की हात आपोआप वळला.

हात... नाही. भुग्यातला पंजा विरला.

डोळे... नाही. मानेवरची नजर हटली.

मुख. तिथं चाकू आरपार गेला होता. लिहायला कातडंच उरलं नव्हतं.

"बाळा, ये ना," मागून कुणीतरी मायेनं म्हणालं. अरबीत, अगदी शेमार्याच्या आईच्या सुरात.

"नाही," शेमार्या वळूनही न पाहता म्हणाला.

"हो," तेओबाल्दो म्हणाला.

मागचा आवाज थांबला. तेओबाल्दोनं हसून तोंड उघडलं. "बाळा, ये ना," तो म्हणाला, स्वच्छ अरबीत.

शेमार्यानं लेखणी शाईत बुडवली, डाव्या हातानं मित्राची हनुवटी घट्ट धरली आणि त्याच्या ओठांवर लिहायला सुरुवात केली.