सैल झाकण

"टाकी रिकामी आहे, आयव्ही. थेंब राहिला नाही."

सार्जंट आयव्ही पेलिंग आत आली तेव्हा म्हातारा अँब्रोज टॅप्सेल वाइनघराच्या ओल्या फरशीवर उभा होता. पोलादी टाकीचा तळाचा नळ सताड उघडा. सगळी पांढरी वाइन गटारात गेलेली. त्याच्या बायकोने, रोझलिंडने, आपल्या हातांनी खुडलेली शेवटची द्राक्षं होती ती. वाइन मुरत असतानाच रोझलिंड वारली. उद्या बाटल्या भरायच्या, पहिली गावासोबत उघडायची, असं ठरलं होतं.

"अजून दरवळतोय बघ," अँब्रोज म्हणाला. "एल्डरची फुलं. रोझलिंडचा वास."

आयव्हीने श्वास घेतला. नाकात शिरला तो नेलपॉलिशचा उग्र दर्प. तिने त्याच्या मुलीकडे, हेस्टरकडे, पाहिलं. वेली छाटून चिरलेली बोटं. नखं कोरी.

"शेजारच्या डेनीचंच काम!" अँब्रोज कडाडला. "आमच्या पाखरं उडवायच्या बंदुकीच्या आवाजाने त्याच्या गाई बिथरतात ना? 'टाकी फोडीन' म्हणाला होता, भर पबमध्ये. घाल त्याला बेड्या!"

"कुलूप?"

"कधी लावलंय आम्ही?"

आयव्हीने टाकीभोवती फेरी मारली. कुठे पोचा नाही. ती शिडी चढली. वरचं झाकण सैल होतं.

"हे कोण उघडतं?"

"मीच. रोज सकाळी हुंगतो, मग घट्ट आवळतो. कालही आवळलं होतं."

"काहीतरी जळतंय," आयव्ही म्हणाली.

"कुठे?" अँब्रोजने विचारलं.

हेस्टर केव्हाच शेजारच्या स्वयंपाकघरात धावली होती. आयव्ही मागोमाग गेली. पाव जळून कोळसा झाला होता. आयव्हीने मागचं दार लोटून घेतलं.

"डेनीला धरू का, हेस्टर?"

हेस्टरने जळका पाव टेबलावर काढून ठेवला. आयव्ही पुढे म्हणाली,

"झाकण बंद ठेवून नळ उघडला, तर आत हवा जात नाही. टाकी चुरगळते. ही तर धड आहे. म्हणजे कुणीतरी आधी शिडी चढून झाकण सैल केलं. गाईवाल्याला एवढं कुठलं ठाऊक? आणि रागाने आलेला माणूस टाकी जपत नाही. शिवाय तो दर्प. नासलेल्या वाइनला असाच येतो. म्हणजे ती आधीच नासली होती. ज्याला तो दर्प कळला नाही, त्याला जळका पावही कळला नाही. बाबांना ती नासल्याचं कळणारच नव्हतं. मग उरलीस तू."

हेस्टर खुर्चीत बसली. "ख्रिसमसच्या आजारात बाबांना वास येणंच बंद झालं गं. लपवतात माझ्यापासून. आईचा वास येईल म्हणून रोज झाकण काढून बसायचे. हवा लागली. तिची वाइन त्यांच्याच हातून नासली, आयव्ही. उद्या अख्ख्या गावाने नाक मुरडलं असतं. चोरी सोसली असती त्यांनी. हे नाही."

"आणि डेनी?"

"त्याचं नाव घेतील असं नव्हतं वाटलं. मी बोलणारच होते."

दार उघडलं. अँब्रोज उंबऱ्यात उभा होता. "कोण आहे चोर?"

"चोर नाही कुणी," आयव्ही म्हणाली. "वाइन नासली होती. हेस्टरने ओतून टाकली, तुझी मान खाली जाऊ नये म्हणून."

त्याने जळका पाव उचलून हुंगला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "आठवणीवरच हुंगत होतो." मग अगदी हळू, "कशाने नासली?"

हेस्टरने टेबलाची कड घट्ट धरली.

"झाकणाचं रबर झिजलं होतं, आत हवा शिरली," आयव्ही म्हणाली. नोकरीत ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती. "कुणाच्याच हातात नव्हतं."

अँब्रोजने मान डोलावली. लेकीसमोर बसला.

"आधी तरी वास होता ना गं तिला? फुलांचा?"

"होता, बाबा."

"कसा? सांग मला."

हेस्टरने त्याचा हात हातात घेतला आणि सांगू लागली.