मागची फुली

स्टुडिओत सगळे जिला 'टोळ' म्हणायचे, तिची उडी हरवली होती. चष्मा हरवतो, किल्ली हरवते, तशी उडी. नायिकेच्या बदली मार खायचा आणि उंचावरून उड्या टाकायच्या, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. मागच्या सिनेमात दोर सुटला, टोळ गादीच्या बाहेर पडली आणि उजवा गुडघा मोडला. हाड जुळलं. पण तेव्हापासून कठड्यावर उभी राहिली की पाय सिमेंटात रोवल्यासारखे व्हायचे.

फाइट मास्तर तिच्या वडिलांचा जुना जोडीदार. त्याने आडपडदा ठेवला नाही. "तुझ्या बापाकडे बघून हा एक सिनेमा देतो, टोळ. यात पाय अडला, तर घरी बसून स्वेटर विणायचे."

"मला विणता येत नाही," टोळ म्हणाली.

"मग उडी मार."

सिनेमा एका जुन्या कॉमिकवरून होता. पांढऱ्या पोशाखातली मुलगी, काळे मुखवटे लावलेले गुंड, आणि चौकटी-चौकटीतून लाथाबुक्क्या. मुलीच्या पाठीशी एक म्हातारा गुरू. हा बाबा बोलायचा नाही, तोंडही दाखवायचा नाही. मागे उभा राहायचा आणि शिष्येचं काही चुकलं की डाव्या तळव्याने तिचं अंग जागेवर आणायचा. शिष्येने मात्र कधी मागे वळून पाहायचं नाही, एवढी एकच त्याची अट.

दिग्दर्शकाने पहिल्याच बैठकीत त्याला उडवला. "बोलत नाही, तोंड दाखवत नाही. त्यापेक्षा मी खांब उभा करीन, तो निदान छप्पर तरी धरेल." सगळे हसले. कॉमिक काढणारा चित्रकार केव्हाच वारला होता, त्यामुळे भांडायला कुणी आलं नाही.

आता मास्तरची एक सवय होती. सकाळी कॉमिक उघडायचं आणि चौकट बघून जमिनीवर खडूने फुल्या मारायच्या. इथे टोळ, इथे गुंड, इथे कॅमेरा. पहिल्याच दिवशी टोळच्या मागे हातभर अंतरावर एक फुली जास्तीची पडली.

"मास्तर, ही कुणाची?"

मास्तरने कॉमिकात पाहिलं आणि जीभ चावली. "म्हाताऱ्याची. त्याला काढलाय, नाही का? राहू दे. पुसायला वाकलो तर कंबर तिथेच राहील."

दुसऱ्या दिवशी हाताच्या सवयीने ती पुन्हा पडली. मग रोजच पडू लागली. ज्याला कामावरून काढलं, त्याची जागा रोज सकाळी आखली जात होती. कुणाच्या मनातही काही आलं नाही.

आधी तक्रार आली कपडे सांभाळणाऱ्या मावशींची. पांढरा पोशाख नाचवत त्या आल्या. "हा शाईचा पंजा कुणाचा रे, मेल्यांनो? साबण घासून माझी बोटं झिजली, निघत नाही!"

कोपरावर काळा तळवा उमटला होता. रेषा न् रेषा स्पष्ट. डावा.

मास्तरने सगळ्या गुंडांना शाळेतल्यासारखं रांगेत उभं केलं आणि हात पुढे करायला लावले. सगळ्यांचे हात धुतल्यासारखे. टोळ आपलं कोपर चाचपत उभी होती. सकाळी मारामारी चालू असताना कोपराला काहीतरी गार, ओलसर लागलं होतं. तिचं कोपर नेहमी खाली पडायचं. त्या वेळी ते वर गेलं आणि वरच राहिलं होतं.

मग आवाज टिपणारा कुरकुरायला लागला. "फाइट चालू असताना पानं कोण उलटतंय? कानात सळसळ येते." कुणाच्या हातात कागदाचा कपटाही नव्हता.

पुढचा पंजा उमटला गुडघ्यावर, मोडलेल्या. हा गुडघा लाथ मारताना आत वळायचा. त्या दिवशी वळला नाही. मावशींनी पोशाख उजेडात धरला, मग त्याची घडी घातली. त्यानंतर त्या टोळशी जरा हळू आवाजात बोलू लागल्या.

टोळ घाबरली होती का? होती. पण पाठीमागे काही जाणवलं तरी मान वळवायची नाही, हे तिने स्वतःलाच बजावलं होतं. वळलं आणि तिथे कुणी नसलं तर? आणि असलंच, नि निघून गेलं तर? इतक्या दिवसांत कुणी तिला असं हाताला धरून शिकवलं नव्हतं.

उडीचा दिवस उजाडला. भर दुपार, लख्ख ऊन. गच्चीचा कठडा, खाली रिकाम्या खोक्यांचा ढीग, त्यावर गाद्या. वर टोळ एकटी. मागे उंच खांबावर मोठा दिवा. आणि हातभर अंतरावर, अर्थातच, फुली.

मास्तरने खालून हाळी दिली.

पाय हलले नाहीत.

पुन्हा हाळी. पुन्हा तेच. खाली कुणीतरी खोकलं. मास्तरने भोंगा तोंडाला लावला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "खाली ये, बाळ."

त्याने तिला जन्मात कधी बाळ म्हटलं नव्हतं. टोळला कळलं, संपलं.

तेवढ्यात पानांची सळसळ झाली. या वेळी ती तिला स्वतःच्या कानांनी ऐकू आली.

तिने मागे पाहिलं नाही.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळवा टेकला. गार, ओला. आणि त्याने ढकललं.

ती हवेत गेली. पाय आपोआप जुळले, पाठ वळली, हरवलेली उडी अंगात परत आली. खोक्यांत पडता पडता तिने वरचा आवाज ऐकला. दिव्याचा खांब बुडातून उखडून, ती उभी होती नेमका त्या जागी कोसळला होता.

मास्तर धावत वर गेला. गच्चीभर काचांचा चुरा. फुलीवर मात्र दोन पावलांएवढी जागा स्वच्छ होती.

तो खाली आला, टोळच्या पाठीवरचा पंजा त्याने पाहिला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

मास्तरच्या माणसांत एक रीत होती, टोळच्या वडिलांनीच पाडलेली. मार खोटा असतो. पण चुकून खरा लागला, तर मारणाऱ्याने स्वतःच्या हाताने चहा नेऊन द्यायचा. तोंडाने माफी मागायची नाही. टोळची आई तेव्हा या लोकांचा चहा करायची. ती म्हणायची, "तुझ्या बापाने संसारात भांडणं कमी केली, चहाच जास्त पाजला."

पाठीत बसलेला धक्का तर खराच होता, म्हणून त्या संध्याकाळी टोळ चहाची वाट बघत बसली. कोण आणणार? शेवटी तिनेच एक कप भरून गच्चीवर नेला, फुलीवर ठेवला आणि पाठ करून म्हणाली, "तुमच्यामुळे आहे मी." सकाळी कप तसाच होता, वर साय धरलेली. तिला वाईट वाटलं. उपकार करणाऱ्याने साधा चहासुद्धा घेऊ नये?

सिनेमा तयार झाला. काम करणाऱ्यांना दुपारी एक खेळ दाखवला. टोळ आईला घेऊन गेली. गच्चीचा प्रसंग आला. पडद्यावर कठड्याशी टोळ एकटीच होती, आणि एकटीच उडाली. मागे नुसतं ऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोळच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई कानाशी वाकली. "अगं, ते मागचे आजोबा केव्हाचे कप धरून बसलेत. तुझ्यासाठीच आणलाय वाटतं. घे की, हात दुखले असतील त्यांचे."

"कोण आजोबा?"

"तुझ्या मागच्या खुर्चीवरचे. तोंड नाही दिसत अंधारात."

टोळला रीत आठवली. मारणाऱ्याने आणायचा असतो. आपण नेलेला तो कसा घेणार?

तिने मान वळवली नाही. हात तेवढा खांद्यावरून मागे केला. कप हातात आला. कप गरम होता; देणारी बोटं ओल्या कागदासारखी. मागे हळूच पान उलटल्याचा आवाज झाला.

ती चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. इतकं बरं तिला किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दिवे लागले. आईने तिच्याकडे पाहिलं, रुमाल काढला आणि तिचे ओठ पुसू लागली. आधी हळू, मग जोरात.

"काय पाजलं गं त्यांनी?" आई म्हणाली. "हे काळं निघत नाहीये."