तो श्वास कोणाचा?

निळा ठिपका पेटला नाही.

शलाका पाळण्यावर झुकली. बाळ गाढ झोपलं होतं आणि त्याचं झबलं जराही हलत नव्हतं. पाळण्याच्या कडेला बसवलेल्या पेटीवर, पेटीने दिलेल्या दर श्वासाला, एक निळा ठिपका लुकलुकायचा. तो आता विझलेला होता. गजर नाही, तांबडा दिवा नाही, काहीच नाही. तिने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. बाळाने पाय आखडला, ओठ मुडपले आणि एक लांब श्वास घेतला. जरा वेळाने ठिपका पुन्हा लुकलुकू लागला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

हे पहिल्यांदा झालं असतं, तर तिने स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला असता. पण गेला आठवडाभर हे रोज होत होतं, आणि ठिपक्याचं विझणं दिवसेंदिवस लांबत चाललं होतं.

मिरजेबाहेरच्या त्या नवजात संशोधन केंद्रात शलाका आणि निनाद बाळ जन्मल्यापासून राहत होते. बाळ जागं असलं की छान श्वास घ्यायचं, हातपाय झाडायचं, दूध ओढायचं. पण झोप लागली की त्याचा मेंदू श्वास घ्यायचाच विसरायचा. डॉ. यास्मिन तांबोळींनी त्यावर 'श्वासगुरू' तयार केला होता. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर तांदळाच्या दाण्याएवढा स्पंदक बसवलेला असायचा. पेटीने बिनतारी इशारा दिला की तो तंतूला हलका झटका द्यायचा, पडदा खाली ओढला जायचा आणि फुप्फुसं भरायची.

"हे यंत्र बाळाशी जुळवून घेतं," डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं. ते ऐकून निनाद निश्चिंत झाला. शलाका झाली नाही. ती पुलांची तपासनीस होती. कृष्णेवरच्या पुलांत पुरलेले संवेदक 'सगळं ठीक' म्हणत असतानाही खाली उतरायचं आणि खांबावर हातोडी वाजवून बघायचं, हे तिचं काम. संशयाचाच ती पगार घ्यायची.

"माझ्या पाळीत असं एकदाही झालेलं नाही," निनाद म्हणाला. रात्री तो पाळण्याशी बसायचा, दिवसा ती. "ठिपका कधीतरी अडखळतो, पण लगेच सुरू होतो. शलाका, तुझी झोप होत नाहीये. इथल्या समुपदेशक बाईंशी बोलशील का एकदा?"

"म्हणजे मला भास होतात?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतोयस. मग मला एवढं सांग, ते यंत्र मी एकटी असतानाच का थांबतं? त्याला माझं काय माहीत आहे?"

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते वेडगळ वाटलं. पण मनातून जाईना. डॉक्टरांचा गोड स्वर, जेवणाच्या वेळी येऊन पेटीकडे नजर टाकून जाणाऱ्या परिचारिका, 'जुळवून घेतं' हा गुळगुळीत शब्द. यांना काहीतरी ठाऊक आहे आणि आपल्याला सांगत नाहीत, असं तिला पक्कं वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने पाळ्या बदलल्या. दुपारी निनादला बसवलं आणि स्वतः दाराबाहेर उभी राहिली. बाळ झोपलं. काही वेळ ठिपका नेमाने लुकलुकला आणि मग विझला. निनाद पुढे सरकला. त्याने पेटीवर हात आपटला, बाळाकडे पाहिलं, पुन्हा पेटीकडे पाहिलं. शलाका धावत आत आली आणि तिने टिचकी मारली. बाळाने श्वास ओढला.

"बघितलंस?" ती म्हणाली.

निनादचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चल," एवढंच तो म्हणाला. त्याने बाळाला उचललं, तिने पेटी घेतली, आणि दोघं थेट डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत जाऊन उभे राहिले.

डॉ. तांबोळींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ते बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते मुद्दाम थांबतं."

"मुद्दाम?" निनादचा आवाज चढला.

"बसा. झटके देत राहिलं तर बाळ जगेल, पण जन्मभर यंत्रावर. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे मेंदू ओल्या मातीसारखा असतो. तेवढ्यात त्याच्या श्वासकेंद्राला गरज जाणवून दिली, तर ते कधीकधी काम शिकतं. गरज म्हणजे रक्तात वाढणारा कर्बवायू. म्हणून यंत्र मधूनच थांबतं. बाळाने श्वास घेतला नाही, तर थांबण्याची मर्यादा संपताच झटका देतं आणि पुढच्या वेळी कमी थांबतं. घेतला, तर पुढच्या वेळी थोडं जास्त थांबतं."

"आणि हे आम्हाला सांगायचं नाही?" शलाकाने विचारलं.

"'जुळवून घेतं' म्हणाले मी. 'थांबून बघतं' म्हणाले असते, तर एकाही आईबापाने ते लावू दिलं नसतं. ही माझी लबाडी आहे, मान्य करते."

"मग रात्री का नाही थांबत?" निनादने विचारलं.

"दिवसाची झोप आणि रात्रीची झोप ते वेगवेगळी शिकतं. रात्री बाळ श्वास घेत नाही, म्हणून तिथे ते फार थांबत नाही. दिवसा मात्र त्याची प्रगती सुंदर आहे. आमच्याकडचं एकही मूल इतक्या लवकर..."

"दिवसा मी टिचकी मारते," शलाका म्हणाली.

डॉक्टरांचा हात हवेतच थांबला. "काय?"

"ठिपका विझला की तळपायावर टिचकी मारते. मग तो श्वास घेतो."

"दर वेळी?"

"दर वेळी. तुम्ही काही बोलला नाहीत, मग मीही बोलले नाही."

डॉ. तांबोळी खुर्चीत मागे टेकल्या. आता त्यांचाही चेहरा उतरला होता. "यंत्राला फक्त श्वास दिसतो, हात दिसत नाही. तुमची प्रत्येक टिचकी त्याने बाळाच्या हुशारीत धरली आणि पुढच्या वेळी आणखी थांबलं. तुम्ही जितका संशय घेतलात, तितकं ते थांबत गेलं. आत्ता त्याची थांबण्याची मर्यादा इतकी वर गेली आहे, की तुम्ही जवळ नसतात तर मेंदूला इजा झाली असती."

बाळ निनादच्या खांद्यावर झोपेने जड होऊ लागलं होतं.

"शिकलेलं सगळं पुसून टाकते," डॉक्टर म्हणाल्या. "मात्र नव्याने शिकवायला तेवढे आठवडे उरलेले नाहीत. पुसलं, तर बहुधा हे यंत्र कायमचं. पुसण्याआधी एकदाच पाहायचं आहे, कुणी हात लावला नाही तर काय होतं ते."

"म्हणजे प्रयोग," शलाका म्हणाली.

"हो. प्रयोगच."

निनादने मान हलवली. "नाही. पुसा आत्ताच."

शलाका मात्र डॉक्टरांकडे रोखून पाहत होती. पहिल्यांदाच ही बाई गुळगुळीत शब्द न वापरता बोलली होती. "थांब निनाद," ती म्हणाली. "हाताने झटका द्यायचं बटण आहे का यात?"

"आहे."

"ते माझ्या बोटाखाली राहील. मला वाटेल तेव्हा दाबेन. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. निनादने बाळाला टेबलावरच्या गादीवर ठेवलं आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टर संगणकाच्या पडद्यावर बाळाच्या रक्तातल्या प्राणवायूच्या आकड्याकडे बघत खिडकीपाशी थांबल्या. बाळाची पापणी मिटली. ठिपका काही वेळ लुकलुकला आणि विझला.

झबलं हललं नाही. शलाकाचं बोट बटणावर ताठ झालं. आकडा एकेक पायरी उतरू लागला. बाळाच्या ओठांभोवतीची गुलाबी छटा फिकी होत गेली. तिच्या दुसऱ्या हाताची बोटं आपोआप त्या इवल्या तळपायाकडे निघाली. तिने ती मूठ करून पदराखाली दाबली.

"शलाका, दाब," निनाद घोगऱ्या आवाजात म्हणाला.

तिने बोटावर जोर दिला, आणि बटण पुरतं खाली जायच्या आधीच झबल्याची घडी वर उचलली गेली.

"कुणी हात लावला?" ती ओरडली.

निनादने भिंतीपाशी दोन्ही हात वर केले. डॉक्टर खिडकीपासून हललेल्या नव्हत्या. ठिपका विझलेलाच होता. घडी खाली गेली, थांबली आणि पुन्हा वर आली. उतरलेला आकडा एकेक पायरी चढू लागला.

"टिचकीने त्याला एखाद-दुसरा श्वास मिळत होता," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. त्या जणू स्वतःलाच समजावत होत्या. "पण यंत्राचं थांबणं लांबत गेलं, तसा रक्तातला कर्बवायू दर वेळी आणखी वर जात होता. इतका वर मी त्याला कधीच जाऊ दिला नसता. यंत्रानेही दिला नसता, ते फसलं नसतं तर. आणि तिथे, तेवढ्या वर गेल्यावर, त्याच्या श्वासकेंद्राला जाग आली." त्यांनी डोळे पुसले. "शलाकाताई, आता काढा बोट."

शलाकाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने निनादचे हात पाहिले, डॉक्टरांचे पाहिले, वाकून गादीखालीही पाहिलं. मग बटणावरचं बोट तसंच ठेवून ती स्टुलावर बसली आणि बाळाचा पुढचा श्वास बघू लागली. मग त्याच्या पुढचा.