एक हजार नऊ पणत्या

"वर्षाराणीनं पणत्या न्हाई चोरल्या, काका," सायली तिसऱ्यांदा म्हणाली.

भगवानरावांनी वही मिटली. घाटनांदूरच्या महादेव मंदिराच्या कोठीची किल्ली त्यांच्याकडे असे आणि आपल्यासारखा चोख माणूस पंचक्रोशीत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. "काल एक हजार नऊ आल्या. आज नऊशेच हायेत. मधी कोठीत कोण आलं? हीच, रिकाम्या टोपल्या न्यायला."

वर्षाराणी मान खाली घालून उभी होती. तिच्या आजीनं, छबुबाई कुंभारणीनं, पाडव्याच्या दीपोत्सवासाठी एक हजार आठ पणत्या घडवल्या होत्या आणि रिवाजाप्रमाणे देवाची म्हणून वर एक. आता गाव आजीला चोराची आजी म्हणणार, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

"काका, काल मोजल्या कशा?" सायलीनं विचारलं. सातवीतली ही पोरगी दिवाळीच्या सुट्टीतही आकडे सोडत नसे.

"सारख्या ओळी लावल्या. एका ओळीत किती ते आठवत न्हाई, पण सगळ्या पुऱ्या. एकबी उरली न्हाई."

सायली खडू घेऊन फरशीवरच बसली. "दोननं भागलं, एक उरला. तीननं, एक. पाचनं, चार..."

"चारनं कावून न्हाई बघत?" तिच्या आतेभावानं, योगीराजनं विचारलं.

"दोननं जात न्हाई, ते चारनं कसं जाईल, येड्या?"

एकतीसनं भागून ती थांबली. "बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे एक हजार चोवीस. ते एक हजार नऊच्या वर गेलं. बत्तीस नायतर त्याच्या पुढच्या आकड्यानं भाग जायचा तर जोडीला बत्तीसाहून लहान आकडा लागतो आणि लहान सगळे बघून झाले. ही मूळ संख्या हाय, काका. हिच्या सारख्या ओळी होतच न्हाईत."

"एकच लांबलचक ओळ केली तर?" योगीराजनं विचारलं.

"मग ती स्टेशनाला जाऊन टेकंल."

भगवानराव कान खाजवू लागले. "छबुबाईनं आकडा सांगितला, म्या लिहिला. ओळी सरळ दिसल्या, म्हणून मोजल्या न्हाईत."

"म्हणजे काल कोठीत एक हजार नऊ आल्याच नव्हत्या," सायली म्हणाली.

तेव्हा वर्षाराणीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "आजीनं धा टोपल्या भरल्या होत्या. मला रिकाम्या नऊच घावल्या."

काल टोपल्या टेम्पोवाल्या धोंडीरामनं आणल्या होत्या. योगीराजनं लगेच त्याला फोन लावला. तो तेलगावात माल उतरवत होता. "थांब, ताडपत्री उचलून बघतो," तो म्हणाला आणि पुढच्याच क्षणी ओरडला, "आरं, हाय की हितं भरलेली टोपली!"

दुपारी टोपली आली. भगवानरावांनी स्वतः एक-एक पणती मोजली, तीही दोनदा. एकशे नऊ.

संध्याकाळी पटांगणात छत्तीस-छत्तीसच्या अठ्ठावीस ओळी लागल्या. एक पणती उरली. भगवानरावांनी ती सगळ्यांसमोर वर्षाराणीच्या हातात दिली. "पोरी, न मोजता तुझ्यावर आळ घेतला. माझं चुकलं. ही देवाची पणती तूच लाव."

छबुबाईनं सायलीच्या तोंडावरून हात फिरवला. "तुझ्या आकड्यानं आमची अब्रू राखली, बाय."

वर्षाराणीनं पणती लावली आणि देवापुढं ठेवली. मग ती येऊन सायलीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला बी शिकव ना ते भागायचं."